झार

पहाटे तीनला धनजी स्ट्रीटच्या गटाराशी बसते मी.
ब्रश, घमेलं, पाण्याची कळशी
आणि कोंडाक्काने दिलेली ही एवढीच अक्कल :
सोनं जड, ते थांबतं. बाकीचं जाऊ दे वाहून.

बाकीच्याबद्दल ती काही बोलली नाही.

बाकीच्यात पहिल्याच वर्षी मला सांजीर सापडलं.
जिऱ्याएवढं, जांभळट.
दिवसा नुसता खडा, दिवेलागणीला तापायचं,
कुणी घरी परतणार असेल तर जरा जास्तच.
मग निबोल. हा धातू वाजत नाही.
हातोडा घाला, जिन्यावरून सोडून द्या,
आवाज त्याच्याच पोटात जाऊन बसतो.
निमाई कारागिराने गंमत म्हणून त्याचं घुंगरू केलं,
तर रात्रभर त्याच्या खोलीत पंखाही ऐकू आला नाही,
सकाळी सगळे उशिरा उठले, शेटच्या शिव्या खाल्ल्या.
आणि खारवी, ओल्या काचेसारखी.
भरती लागली की तिला घाम फुटतो,
मी तिला रुमालात बांधून ठेवते,
रुमाल भिजला की समजायचं, गटार आता उलटं येणार,
उठा.

केशवजी टंचवाला माणूस भला.
कसोटीवर घासायचा, तेजाबाचा थेंब सोडायचा,
चष्मा कपाळावर सारून म्हणायचा,
"बाई, याला कस नाही.
कस नाही त्याला टंच नाही, टंच नाही त्याला भाव नाही."
आणि भाव नाही त्याला?
तो दोन कटिंग मागवायचा.

यंदा विठ्ठलवाडीतला तिसरा माळा रिकामा झाला.
धुराडी काढा म्हणून नोटीस आली होती,
कारागीर कुणी दहिसरला गेले, निमाई सरळ मेदिनीपूरला.
त्रेचाळीस वर्षं भट्टी पेटलेला माळा!
मी मंगळसूत्र गहाण टाकून त्याच्या फळ्या घेतल्या.
फळ्यांच्या फटींत सोनं झिरपतं, कानसलेलं, सांडलेलं, खोकल्याने उडालेलं.
फळ्या जाळायच्या, राख चाळायची, धुवायची, पारा फिरवायचा.
सागाच्या धुराला मोहरीच्या तेलाचा वास होता,
बिडीचा, आणि अंगावर वाळलेल्या गंज्यांचा.

चौदा ग्रॅम सोनं निघालं.
आणि घमेल्याच्या तळाशी
बोटाच्या पेराएवढा एक राखी गोळा.

केशवजीने तो पारड्यात ठेवला. पारडं वर गेलं.
समोरचं रिकामं पारडं खाली टेकलं.
त्याने काटा पुसला, पंखा बंद केला, पोराला दार लोटायला लावलं.
पुन्हा तेच.
मग चिमट्याने गोळ्याशेजारी एकेक वजन चढवत गेला.
नऊ ग्रॅमला दांडी सरळ झाली.
पावतीवर त्याने "उणे नऊ" लिहिलं,
खोडलं,
पावतीच फाडली.

मी निमाईला फोन लावला.
तो बराच वेळ गप्प. मागे कुठेतरी हातपंप कुरकुरत होता.
"गरम लागतं का हाताला?"
नाही.
"मग माझं नाही ते. परेशदाचं असेल.
तो तिथेच खिडकीखाली झोपायचा."
परेशदा कुठे आहे आता?
पुन्हा हातपंप.

सोनं विकलं, व्याज फिटलं, मुद्दल बाकी आहे.
उणं मी पदराच्या गाठीत बांधलंय.
चाळीचे जिने आता दमवत नाहीत,
गुडघ्यांनी कुरकूर सोडलीय,
शेजारची सुलभा विचारते, कुठल्या डॉक्टरकडे जातेस?

फक्त पहाटे गटाराशी बसले
की पुरती टेकत नाही मी.
उजव्या हाताने ब्रश चालवते,
डाव्याने जाळीचा गज धरून ठेवते.